बारा पेरं, बारा मासे

अण्णांच्या तोंडात तेव्हा एकच शब्द उरला होता, 'हं'. चहा देऊ का, हं. पंखा कमी करू का, हं. पाय दुखतोय का, हं. आणि पाय चेपायला घेतला की त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की पाय दुखत नव्हताच, त्यांना पाणी हवं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा नेली आणि हा एवढा हुंकार मागे ठेवला. आईला त्याचं फारसं नवल वाटायचं नाही. ती म्हणायची, धडधाकट होते तेव्हा तरी या माणसानं कुणाला कधी नाही म्हटलंय? ते खरंच होतं. अण्णा वायरमन होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत कुणाचा फ्यूज उडाला, कुणाची पाण्याची मोटार जळाली, कुणाच्या मुलीच्या लग्नात दिव्यांच्या माळा सोडायच्या असल्या की लोक वीज मंडळाच्या ऑफिसात तक्रार द्यायचे नाहीत, आमच्या दारावर थाप मारायचे. अण्णा ताटावरून उठायचे. आई भाकरी झाकून ठेवता ठेवता काहीतरी पुटपुटायची, तोवर ते टेस्टर खिशाला अडकवून जिना उतरलेले असायचे.

झटका आला त्याच्या आठच दिवस आधी मला पुण्याच्या एका कारखान्याचं पत्र आलं होतं. डिझाइन विभागात नोकरी. मी एकुलती एक, आमच्या घरातली पहिली इंजिनिअर, आणि पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी कॉलनीभर पेढे वाटले होते. कारखान्यात भरतीचं बघणाऱ्या बाई भल्या होत्या, त्यांनी मला तीन महिन्यांची मुदत दिली. पण पुढे वाढवून मिळणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. त्या तीन महिन्यांत मी एका जागी धड बसले असेन असं मला आठवत नाही. गॅलरीत जायचे, परत यायचे, फ्रिज उघडून काहीही न घेता बंद करायचे, मोबाइलवर पुण्याच्या भाड्याच्या खोल्या बघायचे आणि आईची चाहूल लागली की तो उशीखाली सरकवायचे. जायचं की राहायचं, हे अण्णांना विचारणं हा सरळ मार्ग होता. पण विचारून काय मिळणार होतं? जाऊ का म्हटलं तरी हं, थांबू का म्हटलं तरी हं. आईला विचारलं तर ती म्हणायची, तुझं तू बघ, आणि पदरानं डोळे पुसायची. म्हणजे ते थांब असंच झालं. मला आईचा राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची.

व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी एक दिवसाआड यायची. तिनं सांगितलं, यांना मोजायला लावा, हलत्या वस्तूमागे नजर फिरवायला लावा, मेंदूला काम पाहिजे. टीव्हीनं अण्णा दमायचे. मग त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका मित्राच्या घरी माळ्यावर पडून असलेला अडीच फुटी फिश टँक आमच्याकडे आला. मी तो गॅलरीत घासून धुतला आणि त्यांच्या पलंगासमोर, त्यांची नजर जाईल अशा उंचीवर ठेवला. वरची ट्यूब मी स्वतः जोडली. अण्णा उशीला टेकून माझे हात बघत होते. फेजची वायर मी चुकीच्या पिनेला लावायला गेले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची मूठ पलंगाच्या दांडीवर दोनदा आपटली. मी वायर बदलली. तेव्हा जो हं आला तो मला कळला, कारण त्यात ओळखीची शाबासकी होती.

मासे मात्र लगेच आणता आले नाहीत. रफिकचाचांचं दुकान लहानसं होतं, अर्ध्या भागात सायकलची पंक्चरं काढायची आणि अर्ध्या भागात मासे. दोन्ही कामांना पाण्याची घमेली लागतात, असं ते हसत सांगायचे. त्यांनी मला माती, वरून जाड वाळू आणि सहा-सात प्रकारची झाडं दिली. लांब फितीसारखी पानं असलेली मागे, रुंद पानांची मध्ये, दगडाला दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ पुढे. आणि मासे मागितले तर हात हलवला. "पैले पानी पिकने दे बेटा. झाड जमने दे. तीन हप्ते के बाद आ." तीन आठवडे नुसत्या झाडांची टाकी बघत बसायचं. माझ्यासारख्या उतावळ्या पोरीला ती शिक्षाच होती. पाणी आधी गढूळ झालं, मग पांढुरकं झालं, मग एके सकाळी इतकं नितळ झालं की काच आहे की नाही कळेना, आणि माझ्या मुदतीतले एकवीस दिवस त्यात गेले.

मग चाचांनी नियम सांगितले. झुंडीनं राहणारा मासा दोन-दोन, चार-चार घ्यायचा नाही. घ्यायचा तर एकाच जातीचा आणि सहाच्या वर, नाहीतर त्याला भीती बसते. मग तो पानाआड लपतो किंवा दुसऱ्याचे पंख तोडतो. एवढ्या टाकीला निऑन टेट्रा बारा. तेही एकदम नाहीत, आधी सहा, दोन आठवड्यांनी सहा, म्हणजे पाणी त्यांच्या घाणीला सरावतं. पुढे झाडं दाटली की तळाशी फिरणारे सहा. त्यानंतर बस. टाकी रिकामी वाटली तरी बस. मी त्यांना म्हटलं, बारा म्हणजे अगदीच कमी वाटतात. ते म्हणाले, घरी जाऊन बघ आणि मग बोल.

निऑन हे नाव अण्णांना ठाऊक होतं, टेस्टरमधल्या दिव्याचं नाव तेच. मी ते सांगितलं तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा ते हसले, अर्ध्या तोंडानं. बाराही मासे आले तेव्हा मला चाचांचं म्हणणं कळलं. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ आणि खाली लाल, पण सगळे मिळून वळायचे तेव्हा खोलीत काहीतरी घडल्यासारखं वाटायचं. बाराच का, याचा आणखी एक फायदा माझ्या नंतर ध्यानात आला. अण्णा मोजायचे ते जुन्या पद्धतीनं, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एका हातात बरोबर बारा. धडधाकट हात एकच होता आणि त्याला पुरतील एवढेच मासे होते. सकाळी ट्यूब लावली की ते मोजायला बसायचे. मासे हलायचे, गणती चुकायची, ते पुन्हा करंगळीच्या तळाशी अंगठा नेऊन पहिल्यापासून सुरू करायचे. करता करता एकदा अंगठा तर्जनीच्या टोकाला पोचायचा, आणि ते माझ्याकडे बघून हं म्हणायचे. त्या क्षणापुरती माझी येरझार थांबायची.

त्या दिवसांतल्या घराचे आवाज आजही माझ्या कानात आहेत. हवेच्या पंपाची गुरगुर, ओट्यावर आईच्या भाकऱ्या थापण्याचा थपथप ताल, खालच्या मजल्यावरच्या अक्कांचं फोनवर चाललेलं कानडी, व्यायामवालीचं वन टू थ्री. आई ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मऊ लापशीसारखी करायची आणि चमच्यानं भरवायची. शेंगाचटणी अण्णांचा जीव की प्राण, पण ती घशाला लागून ठसका यायचा म्हणून बंद होती. आम्हीही मग ती खाईनाशा झालो, उखळ कोपऱ्यात उपडं पडलं. मला गिळताना अपराधी वाटायचं. ते वाटणं भाकरीचं होतं की पुण्याचं, ते सांगता येणार नाही.

आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, आजारी माणसाला भेटायला मीही शहाळी घेऊन जाते, आणि दहा मिनिटांत उठते. हे शहाणपण मी तेव्हाच्या पाहुण्यांकडून शिकले. अख्खी कॉलनी अण्णांच्या उपकाराखाली होती आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत. सुरुवातीला केळी आली, बिस्किटं आली, मोसंबी आली. मग वायरमनला मासे आवडतात ही बातमी पसरली आणि लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे घेऊन यायला लागले. त्यातही जिवंत वस्तू एकटी कशी द्यायची, म्हणून प्रत्येकानं जोडीच आणली. अक्कांनी गोल्डफिशची जोडी आणली, समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी पट्ट्यापट्ट्यांच्या बार्बची, कुणी काळ्या मॉलींची. अण्णांना दाखवायचे, अण्णा हं म्हणायचे, पिशवी टाकीत मोकळी व्हायची. मी एकदा टाकीच्या आडवी उभी राहिले तर आईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. एवढ्या मायेनं आणलेलं परत कसं करायचं, असं ती म्हणाली.

सगळ्यात शेवटी मोडनिंबहून आत्या आली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली तेव्हा आत्यानं त्यांना कडेवर वागवलं, त्यांच्यासाठी शाळा सोडली. तिच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कुणी जात नसे. तिनं एंजलची जोडी आणली, चांदीच्या अंगावर काळे पट्टे, लांब पंख, तळहाताएवढे रुबाबदार मासे. तिच्याबरोबर आलेले तिचे यजमान टाकीत डोकावून म्हणाले, खायचं न्हाईत तर पाळायचं कशाला. आत्यानं त्यांना गप्प केलं आणि अण्णांच्या केसांवरून हात फिरवला. मग दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, आमची जोडी कशी हाय.

जोडी मजेत होती. बाकी टाकीची दशा झाली होती. गोल्डफिशनी मुळं उकरून झाडं वर तरंगवली, दोनच असल्यानं बिथरलेले बार्ब दिसेल त्याचे पंख कुरतडत होते, मॉलींना पिल्लं झाली होती, पाण्यावर फेस धरत होता आणि सकाळी सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकत होते. निऑन एका पानाआड दाटीनं उभे असायचे, वळायचे नाहीत. अण्णा मोजायला बसायचे, अंगठा बारावर पोचायचा आणि मासे उरायचे. पुढचे मोजायला दुसरा हात लागत होता. ते उजव्या हाताकडे बघायचे, तो मांडीवर तसाच पडलेला असायचा. दोन-तीन दिवस त्यांनी धडपड केली, मग तोंड भिंतीकडे फिरवून झोपायला लागले.

मी म्हटलं, अण्णा, फक्त निऑन मोजा. त्यांनी मोजले. अंगठा नवावर थांबला. मी हादरले, कारण मीही मोजले तर नऊच भरले. आणि इथे मी जे केलं ते पाहुण्यांच्या वरताण होतं. अण्णा झोपलेले असताना मी तीन नवे निऑन आणून त्या आधीच तुंबलेल्या टाकीत सोडले, आणि सकाळी निष्पाप चेहऱ्यानं म्हटलं, कालचे लपले असतील, आज मोजा. अण्णांनी सावकाश मोजलं. नवाशी थांबले. नव्या, जरा लहान, जरा फिकट तीन माशांकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं. हं म्हटलं नाही. झटक्यानंतर ते माणूसच कमी झालंय असं समजून आम्ही सगळे वागत होतो, मीसुद्धा. त्यांना सगळं कळत होतं. मी उठून गॅलरीत गेले आणि तिथे रडले, आणि रडतानाही माझ्या डोक्यात किती दिवस उरलेत याचा हिशेब चालू होता. सहा उरले होते.

चाचांना सांगितलं तर त्यांनी पंक्चरचा टायर खाली ठेवला. "एंजल के सामने निऑन छोडी तू? वो तो उसका खाना है." मग ते जे बोलले त्यात मला चांगलंच ऐकवलं होतं. मासा मेला तर पाण्याला दोष देता, बेटा, पण पिशवी कुणी उघडली? सगळी जोडपी बाहेर काढ, इकडे आण, मी सांभाळतो. रोज थोडं थोडं पाणी बदल. आठवड्यात टाकी परत उभी राहील. मी घरी येऊन जाळी आणि बादली काढली. आईनं अडवलं नाही, तिनंही ते रोज तोंडं उघडणारे मासे बघितले होते. फक्त एक अट घातली, आत्याच्या जोडीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, तेच खातायत. ती म्हणाली, मग खाऊ देत, पण वन्संचं मन मोडायचं नाही. गोल्डफिश, बार्ब, मॉली पिल्लांसकट गेले. एंजल राहिले, आणि नव्या तिघांसकट बारा झालेले निऑन आठवर आले.

रविवारी आत्या आली. माझ्या मुदतीचे दोन दिवस राहिले होते. आईनं फोनवर मासे कमी केल्याचं बोलून टाकलं होतं, आणि आत्यानं त्याचा अर्थ असा लावला की भावाकडचे मासे कमी पडले. म्हणून एस.टी. स्टँडावरून येता येता तिनं एंजलची आणखी एक जोडी घेतली होती. पिशवी हातात धरून ती पलंगापाशी आली. "बाळा, तुला करमंना म्हनून आनखी आनलीया. सोडू का?"

अण्णांनी पिशवीकडे बघितलं. मग टाकीकडे. त्यांचा डावा हात छातीवर आला, ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आई पाणी आणायला धावली, तिला वाटलं ठसका लागतोय. आवाज आला तो फाटका होता, पण शब्द पुरा होता.

"नको."

मग आत्यानं पिशवी माझ्या हातात कोंबली आणि त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बोल्ला की गं. परत म्हन बाळा, परत म्हन." अण्णांनी परत म्हटलं, नको. आई देवापुढे साखर ठेवायला गेली, आत्या गॅलरीतून खाली अक्कांना हाक मारून सांगायला लागली, अक्का चपला न घालता वर आल्या, आणि त्या सगळ्या आनंदात काय नको हे कुणाच्याच ध्यानात येईना. अण्णा तिसऱ्यांदा नको म्हणाले, आता जरा चिडून, आणि त्यांनी बोट टाकीतल्या एंजलकडे केलं, मग कोपऱ्यातल्या जाळीकडे. आत्याचं तोंड उतरलं. "मासं नको व्हय? आरं, मग आदी सांगायचं न्हाय?" असं म्हणाली आणि लगेच तिनं स्वतःच पदर तोंडाला लावला, कारण आधी कसं सांगणार होते ते.

मी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. बारा मासे, बारा पेरं, एकच हात. तिनं अण्णांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याची बोटं चोळत राहिली. मग उठून बादली तिनं स्वतः धरली. माझ्या भावाच्या मोजणीत बसत नाहीत तर ठेवायचे कशाला, असं म्हणत. मी जाळी घातली आणि तिची जोडी बाहेर काढली. संध्याकाळी परत जाताना ती दोन्ही जोड्या चाचांच्या दुकानात पोचवून गेली, आणि मला फोन करून सांगितलं की तो माणूस चांगला आहे, त्यानं तिला चहा पाजला.

सोमवारी सकाळी मी ट्यूब लावली. पाणी अजून पुरतं नितळ नव्हतं, झाडं अर्धी उपटलेली होती, पण आठही मासे पानाआडून बाहेर आले होते. मोकळ्या जागेत आल्यावर ते आधी बावरले, मग एकाएकी सगळे मिळून वळले. अण्णांनी मोजायला घेतलं. मी पलंगाच्या कडेवर बसले. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत पुण्याला हजर व्हायचं होतं, आणि आता माझ्याकडे न विचारण्याचं कारण उरलं नव्हतं. ज्याला दोन्ही उत्तरं देता येतात अशा माणसालाच काही विचारता येतं, आणि अण्णांना ती कालपासून येत होती. ओट्यावरची थपथप थांबली होती, म्हणजे आईही ऐकत होती.

"अण्णा," मी म्हटलं, "मी हितंच थांबू का?"

अंगठा मधल्या बोटाच्या पेरावर थांबला. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला नजर खाली घालावी लागली. बोलायला त्यांना कष्ट पडत होते, ते मला श्वासावरून ऐकू येत होतं.

"नको," ते म्हणाले.

मी उठले आणि आईला माळ्यावरची बॅग काढून दे म्हणून सांगितलं. तीन महिने ज्या मोकळिकीसाठी तडफडत होते ती मिळाली होती, आणि जिन्यावर जाऊन मी गुडघ्यांत डोकं घालून बसले. दिवसातून शंभरदा ऐकून ज्याचा मला वीट आला होता तो 'हं' मला त्यांच्याकडून त्या एकाच वेळी हवा होता.